ताप, तपासणी आणि दुसरी भेट

दोन वर्षांच्या मुलाचा सीबीसीचा रिपोर्ट बघा. पांढऱ्या पेशी 13,800. शेजारी ठळक ‘एच’, म्हणजे हाय, आणि त्यापुढे छापलेली नॉर्मल मर्यादा 4,000 ते 11,000. ही मर्यादा मोठ्या माणसाची असते. दोन वर्षांच्या निरोगी मुलातही हा आकडा 17,000 च्या आसपास जाऊ शकतो. खाली लिम्फोसाइट 55 टक्के, तिथेही ‘एच’. या वयात लिम्फोसाइटचं प्रमाण न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणं स्वाभाविक आहे, पण लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये वयानुसार मर्यादा भरल्या नसतील तर मशीनला ते कसं कळणार? सुई टोचताना मूल जिवाच्या आकांतानं रडलेलं असतं, तेवढ्यानंही पांढऱ्या पेशी वाढतात. रक्त थेंबाथेंबानं आलं आणि जरासं साकळलं, तर प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीन त्या कमी मोजतं. असा कागद घेऊन आईवडील दवाखान्यात बसतात आणि विचारतात, “डॉक्टर, इन्फेक्शन वाढलंय ना?” पुढे अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपची बाटली लिहून दिली जाते.

पाच वर्षांखालच्या मुलाला ताप आला की रक्त तपासावं का, आणि त्या आकड्यावरून अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे ठरवता येतं का, यावर गेल्या चार-पाच दशकांत पुष्कळ संशोधन झालं आहे. सगळं एकत्र पाहिलं तर उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून दिसतं: मुलाचं वय किती, तापाचा दिवस कितवा, आणि आकडा आल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं आहे का. या तिन्हींच्या मागे एक चौथी गोष्ट आहे, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: हे मूल उद्या-परवा पुन्हा कोणी बघणार आहे का? तपासणी आणि अँटिबायोटिक ही दोन्ही पुष्कळदा याच न होणाऱ्या भेटीची भरपाई म्हणून लिहिली जातात, असं माझं मत आहे.

पंधरा हजारांचा नियम

1970-80 च्या दशकांत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांना एका भीतीनं घेरलं होतं. वरवर बरं दिसणारं, फक्त ताप असलेलं मूल घरी पाठवलं आणि त्याच्या रक्तात न्यूमोकॉकस किंवा हिब हे जिवाणू वाढत असतील तर? शंभर मुलांत दोन ते पाच जणांच्या ब्लड कल्चरमध्ये असे जिवाणू खरोखर सापडत, आणि त्यातल्या काहींना पुढे मेंदूज्वर होई. 1982 मध्ये येल विद्यापीठातल्या पॉल मॅकार्थी यांच्या गटानं फक्त निरीक्षणावर आधारलेली मोजपट्टी मांडली: रडणं कसं आहे, आईवडिलांकडे बघून शांत होतं का, झोपेतून नीट जागं होतं का, रंग, अंगातलं पाणी आणि हसण्याबोलण्याला प्रतिसाद. पण निरीक्षणानं भीती पुरती जाईना. 1993 मध्ये बराफ आणि सहकाऱ्यांची मार्गदर्शिका आली. 3 ते 36 महिन्यांचं मूल, ताप 39 अंश सेल्सिअस किंवा अधिक, कारण सापडत नाही आणि पांढऱ्या पेशी 15,000 च्या वर, तर ब्लड कल्चर घ्या आणि सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन द्या. रक्ताच्या एका आकड्यावर अँटिबायोटिक बांधून टाकण्याचा इतका स्पष्ट नियम क्वचितच झाला असेल.

पुढे हा नियम लसींमुळे निकालात निघाला. हिबची लस 1980 च्या दशकाअखेर आणि न्यूमोकॉकसची संयुग्म लस 2000 मध्ये अमेरिकेत आली. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांत छुप्या जिवाणूंचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. तपासणी तीच, आकडा तोच, पण 15,000 च्या वर पेशी असलेल्या बहुतेक मुलांत आता शोधलेलं काही सापडेना. आजार दुर्मीळ झाला की त्याची चाचणी खरी भाकितं कमी आणि खोटे इशारे जास्त देऊ लागते.

भारतात हे बदल उशिरा आले. हिबचा समावेश असलेली पेंटाव्हॅलंट लस 2011 पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी कार्यक्रमात आली. न्यूमोकॉकसची लस 2017 मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा प्रकारच्या न्यूमोकॉकसवरची न्यूमोसिल ही लस डिसेंबर 2020 मध्ये बाजारात आली. म्हणून तापाच्या मुलाच्या फायलीतला पहिला महत्त्वाचा कागद लसीकरणाचं कार्ड आहे. त्यावरच्या शिक्क्यांवर रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशींचा अर्थ ठरतो.

सीआरपीचं घड्याळ

पांढऱ्या पेशींची जागा आता बऱ्याच अंशी सीआरपीनं घेतली आहे. हे प्रथिन 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात दाह सुरू झाला की यकृत ते बनवतं. मात्र त्याला वेळ लागतो: वाढ दिसायला सहा ते बारा तास, शिखर गाठायला साधारण दोन दिवस. दाह थांबला की दर एकोणीस-वीस तासांनी प्रमाण निम्मं होतं. संध्याकाळी ताप चढला आणि रात्री आठला रक्त दिलं, तर सीआरपी 6 आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण मधल्या आकड्यांची. अ‍ॅडिनोव्हायरस किंवा फ्लूनंही सीआरपी पन्नाशीच्या पलीकडे जातो. मलेरियात तो भरपूर चढतो आणि मलेरियावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. तापाला एक दिवस उलटून गेलेला, मूल खेळतंय आणि सीआरपी 20 च्या खाली, तर गंभीर जिवाणूसंसर्गाची शक्यता बरीच कमी होते. उलट 20 ते 80 या पट्ट्यात आकडा एकट्यानं काहीच सांगत नाही, आणि तापाची पुष्कळ मुलं नेमकी याच पट्ट्यात येतात. भरीला एककांचा घोळ आहे. एक लॅब लिटरमागे मिलिग्रॅम छापते, दुसरी डेसिलिटरमागे. 2.4 आणि 24 हे एकच माप आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट ताडून पाहणाऱ्या नातेवाइकांना एक मूल ठणठणीत आणि दुसरं अत्यवस्थ वाटतं.

बोटातल्या थेंबावर काही मिनिटांत सीआरपी सांगणारी यंत्रं आल्यावर मोठ्या आशा निर्माण झाल्या. व्हिएतनाममध्ये हनोईच्या परिसरातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन हजारांवर रुग्णांवर अभ्यास झाला, त्यातली निम्मी लहान मुलं होती. 2016 मध्ये निष्कर्ष आला: सीआरपी न केलेल्या गटात 78 टक्के रुग्णांनी अँटिबायोटिक घेतलं, केलेल्या गटात 64 टक्के. थायलंड आणि म्यानमारमध्ये 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फरक आणखी लहान होता. नेहमीच्या पद्धतीत 39 टक्के, आणि सीआरपी 40 च्या खाली असेल तर अँटिबायोटिक देऊ नका असं सांगितलेल्या गटात 34 टक्के. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये तीन हजारांवर आजारी मुलांच्या अभ्यासातून दिसलं की सरसकट सगळ्यांची सीआरपी करण्यात हशील नाही. डॉक्टरला ज्या मुलाबद्दल शंका वाटते तिथेच ती करावी, आणि 5 च्या खाली आली तर मोठा दिलासा मिळतो.

सगळ्यात ठळक परिणाम टांझानियात दिसला. दार-ए-सलाममध्ये 2 ते 59 महिन्यांच्या तीन हजारांवर तापाच्या मुलांसाठी आरोग्यसेवकांच्या हाती टॅब्लेट दिला. तो एकेक लक्षण विचारायचा, श्वास मोजायला लावायचा, ऑक्सिजन तपासायला सांगायचा आणि नेमक्या मुलांतच सीआरपी करायला लावायचा. 2017 च्या निष्कर्षानुसार नेहमीच्या दवाखान्यात जवळपास 95 टक्के मुलांना अँटिबायोटिक मिळत होतं. लक्षणांवर आधारलेल्या जुन्या पद्धतीनं ते 30 टक्क्यांवर आलं आणि चाचण्यांची जोड दिलेल्या नव्या पद्धतीनं 11 टक्क्यांवर. मुलं दगावली किंवा बिघडली का? नव्या पद्धतीत सातव्या दिवशी बरं न झालेल्यांचं प्रमाण 2.3 टक्के होतं, जुन्या लक्षणांच्या पद्धतीत 4.1 टक्के. पुढे याच साधनाची सुधारित आवृत्ती प्रशिक्षणासह 40 आरोग्य केंद्रांच्या अभ्यासात वापरली गेली, तेव्हा 2024 च्या अहवालात अँटिबायोटिकचं प्रमाण 70 विरुद्ध 23 टक्के होतं.

या अभ्यासांना एका ओळीत लावलं की चित्र उलगडतं. नुसतं यंत्र दिलं तिथे थोडा फरक पडला. यंत्राबरोबर नियम, प्रशिक्षण आणि ‘अमुक दिवशी परत या’ ही व्यवस्था दिली तिथे मोठा फरक पडला. 95 वरून 30 पर्यंतची सगळ्यात मोठी उडी तर सीआरपीशिवायच पडली होती, शिस्तीनं मूल तपासून.

आपल्याकडचा ताप

महाराष्ट्रातल्या दवाखान्यात पावसाळ्यानंतर तापाच्या मुलाला लिहून दिली जाणारी यादी पाठ झालेली असते: सीबीसी, सीआरपी, मलेरिया, डेंगी, विडाल, लघवी. यातल्या मलेरिया आणि डेंगीच्या चाचण्यांचा फायदा असा की त्या दुसरं कारण दाखवतात. डेंगीची एनएस1 चाचणी पहिल्या पाचेक दिवसांत पॉझिटिव्ह आली, तर अँटिबायोटिकची गरजच सहसा उरत नाही. घसरत्या प्लेटलेट्सवर सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

विडालची गोष्ट वेगळी. 1896 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेली ही चाचणी आजही गावोगावच्या लॅबमध्ये रोज होते. एकाच नमुन्यावरच्या टायटरमध्ये, म्हणजे प्रतिपिंडांच्या पातळीत, आताचा आजार, पूर्वीचा संसर्ग किंवा लस, दुसऱ्याच तापामुळे वाढलेली प्रतिपिंडं, यांतलं काय दिसतंय हे ती सांगू शकत नाही. पहिल्या आठवड्यात तर ती बहुधा काहीच सांगत नाही. तरी ‘टायफॉइड निघाला’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, आणि मुलाला जन्मापासून तीनदा टायफॉइड होऊन गेलेला असतो.

इथे एक भारतीय अभ्यास डोळे उघडणारा आहे. 2017 ते 2020 या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरात सहा महिने ते चौदा वर्षांच्या मुलांवर लक्ष ठेवून, ताप आला की ब्लड कल्चर करून टायफॉइड मोजला गेला. शहरी ठिकाणी एक लाख बालवर्षांमागे 576 ते 1,173 रुग्ण सापडले. ग्रामीण वढूत फक्त 35. तीच विडाल, तोच रिपोर्ट, पण वेल्लोरच्या दाट वस्तीत आणि पुण्याजवळच्या गावात त्याचं वजन सारखं कसं असेल? हिशेबापुरतं समजा, तापाच्या हजार मुलांत टायफॉइडची दहाच आहेत आणि चाचणी दहातली सात पकडते, पण टायफॉइड नसलेल्या शंभरांतल्या वीस मुलांनाही पॉझिटिव्ह दाखवते. मग खरी पॉझिटिव्ह सात आणि खोटी 198. दोनशेपाच जणांना औषध सुरू होईल, सात जणांच्या कामी येईल.

ब्लड कल्चर हा खरा पुरावा, पण तोही अर्ध्याहून थोड्याच जास्त रुग्णांत टायफॉइड पकडतो, निकालाला दोन-तीन दिवस लागतात, आणि आधीच अँटिबायोटिकचे दोन डोस गेले असतील तर हाती काही लागत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: पाचव्या-सहाव्या दिवशीही ताप उतरेना, तर आधी कल्चर, मग औषध. दुसऱ्या टोकाला, प्लेटलेट्स कमी आणि सीआरपी जास्त असलेल्या प्रत्येक तापाला डेंगी म्हणून सोडूनही चालत नाही. 2018 मध्ये नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. त्यात काखेत, जांघेत कपडे काढून काळी खपली शोधणं हीच मोठी तपासणी, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन वेळेवर देणं जीव वाचवणारं.

रक्त न काढता

दुर्गम भागात लॅब नसताना निर्णय कसे घ्यायचे, याचं जगानं वाचलेलं उत्तर गडचिरोलीतून गेलं आहे. 1988 च्या सुमारास अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना खोकल्याच्या मुलाचे श्वास मोजून को-ट्रायमॉक्सेझोल द्यायला शिकवलं. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यू 0.8 टक्के होते, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. मोजणी न येणाऱ्या दाईंसाठी बंग दांपत्यानं मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं श्वासमापक बनवलं. वाळू संपेपर्यंत श्वासागणिक मणी सरकवायचे. ठरलेला मणी ओलांडला तर श्वास जलद. आजही एकात्मिक बालउपचार पद्धतीत हाच आधार आहे: 2 ते 12 महिन्यांत मिनिटाला 50 किंवा अधिक, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा अधिक श्वास. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट, छातीवरचा कपडा वर करून.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. जलद श्वासाची पुष्कळ मुलं दम्याची किंवा विषाणूंची असतात. कराचीत सौम्य न्यूमोनियाच्या मुलांना अमॉक्सिसिलिन किंवा नुसतं गोड सिरप देऊन पाहिलं गेलं. 2020 च्या निष्कर्षात उपचार फसल्याचं प्रमाण 2.6 विरुद्ध 4.9 टक्के होतं. म्हणजे बहुतेक मुलं औषधाशिवायही बरी झाली, तरी काहींना औषध लागलंच. त्यांतली कोणती कोणत्या गटातली, हे पहिल्या दिवशी कोणतीही चाचणी सांगत नव्हती. दोन दिवसांनी पुन्हा बघितल्यावर ते कळलं असतं.

रक्ताच्या घाईत एक तपासणी सतत राहून जाते, ती लघवीची. दोन वर्षांखालच्या, सर्दी-खोकला नसलेल्या तापाच्या मुलांत शंभरात पाच-सात जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग असतो, मुलींमध्ये अधिक. इथे अँटिबायोटिक नक्की लागतं, आणि सीबीसी-सीआरपी कितीही वेळा केली तरी जागा सापडत नाही. पण चिकटवलेल्या पिशवीतला नमुना त्वचेवरच्या जंतूंनी खराब होतो आणि मूल लघवी करेपर्यंत बाटली धरून बसायला दवाखान्यात कोणाला वेळ नसतो.

तीन महिन्यांखाली वेगळा न्याय

वरचं सगळं तीन महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या बाळाला 38 अंशांवर ताप आला तर घरी वाट पाहायची नाही. या वयात गंभीर आजारही वरून शांत दिसतो, म्हणून रक्त, लघवी आणि गरज पडल्यास पाठीतलं पाणी तपासणं योग्यच. अमेरिकन बालरोग संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत 8 ते 60 दिवसांच्या बाळांचे तीन वयोगट केले आहेत आणि तिथे प्रोकॅल्सिटोनिन (सीआरपीसारखंच दाह दाखवणारं प्रथिन) व सीआरपीला मानाचं स्थान आहे: प्रोकॅल्सिटोनिन 0.5 च्या वर किंवा सीआरपी 20 च्या वर असेल तर धोका जास्त धरायचा. रक्ततपासणी जिथे निर्णय खरोखर बदलते ती ही जागा. जिथे लॅब नाही तिथे काय, याचंही उत्तर गडचिरोलीनं दिलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांनी फक्त लक्षणांवरून जंतुदोष ओळखून घरी जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली आणि अशा बाळांतले मृत्यू 16.6 वरून 2.8 टक्क्यांवर आले. त्या बाळांना अँटिबायोटिक लवकर मिळालं, आणि त्याच बाईनं दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बाळ पाहिलं.

बाटली का लिहिली जाते

खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरला विज्ञान माहीत नसतं असं नाही. समोर बसलेल्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडालेली असते, गाव लांब असतं, परत या म्हटलं तर ती कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे जाईल. ‘आज गरज नाही, परवा दाखवा’ हा योग्य सल्ला दोघांनाही महाग पडतो, तर बाटली स्वस्त. ती 30 मिलीची असेल आणि डोस 5 मिली सकाळ-संध्याकाळ, तर कोर्स तीन दिवसांचा ठरतो, आजार कोणताही असो. ताप त्याआधीच उतरला तर उरलेलं औषध फ्रिजच्या दारात राहतं आणि पुढच्या तापाला मेडिकलमध्येही न जाता सुरू होतं.

याची किंमत पुढे मोजावी लागते. 2019 च्या खासगी विक्रीच्या अभ्यासात भारतात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिन 500 होतं, त्यामागे सेफिक्झिम 200. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये केलेल्या वर्गवारीत ही दोन्ही जपून वापरायच्या गटात मोडतात, अमॉक्सिसिलिन पहिल्या पसंतीच्या गटात. 2016 च्या अखेरीपासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या टायफॉइडवर तोंडानं घ्यायचं जवळजवळ एकच औषध उरलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन. आपण ते सर्दीला वाटतो आहोत. सरकारी उपाय कागदावर आहेत: मार्च 2014 पासून चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची एच-1 यादी, 2016 पासून पाकिटावर लाल रेघ, जानेवारी 2024 मध्ये डॉक्टरांना चिठ्ठीत कारण लिहिण्याचं आवाहन. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेनं मुलांना टायफॉइडची संयुग्म लस देण्याची मोहीम घेतली, ती या सगळ्यांहून मुळाशी जाणारी होती, कारण आजार घटला की चाचणीही कमी लागते आणि औषधही.

मग पैसा आणि श्रम कुठे लावायचे? लॅबनं मुलांच्या रिपोर्टवर वयानुसार मर्यादा छापणं हा जवळजवळ फुकटचा सुधार आहे. सीआरपी करायचीच तर चोवीस तासांनंतर, शंका असलेल्या मुलातच आणि ‘इतक्याखाली आली तर औषध नाही’ हे आधी ठरवून करावी. एकटी विडाल बंद व्हावी. त्याहून मोठं काम परतभेटीचं आहे. 48 तासांतल्या दुसऱ्या भेटीची फी घेऊ नये, आशाताईंनी फोनवर विचारपूस करावी, आणि चिठ्ठीवर मराठीत लिहावं की मूल दूध-पाणी घेईना, झटके आले, मलूल पडलं, पोट उडू लागलं किंवा लघवी कमी झाली तर वाट न बघता लगेच आणा. विमा योजना आणि आरोग्य विभाग चाचण्यांचे पैसे मोजतात, पुन्हा बघण्याचे मोजत नाहीत. ती तरतूद झाली, तर अनेक मुलांचं रक्तही काढावं लागणार नाही आणि बाटलीही लिहावी लागणार नाही.